पाडवा गुरुवारी, हॉल शनिवारी: गुढी कुठे आणि कधी उभारायची?

खडीसाखर
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज धागा काढायची वेळ आली.

आम्ही इंग्लंडमधल्या एका मध्यम गावात राहतो, लंडनहून आगगाडीने तासाभरावर. मराठी घरं पस्तीसेक. मंडळ म्हणावं इतकं काही नाही. एक व्हॉट्सॅप ग्रूप आहे आणि वर्गणीचा बिस्किटाचा डबा आहे. गेली काही वर्षं पाडवा गावातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये करतो. तेच सेंटर, जिथे सोमवारी कराटे, मंगळवारी तान्ह्या बाळांचा वर्ग आणि बुधवारी आजी-आजोबांचा चहा असतो. हॉल तासावर मिळतो. टेबलं मांडणं, उचलणं, झाडणं, पुसणं, कचऱ्याच्या पिशव्या बांधणं, सगळं त्याच तासांत.

गेल्या वर्षी पाडवा ३० मार्चला, चक्क रविवारी आला. आम्ही हरखलो. पण त्याच पहाटे इथली घड्याळं एक तास पुढे गेली आणि त्याच दिवशी इथला मदर्स डेही होता. निम्मे लोक तासभर उशिरा आले. मराठी कार्यक्रमाला उशीर व्हायला पहिल्यांदाच खरं कारण होतं.

यंदा १९ मार्च, गुरुवार. २१ च्या शनिवारची दुपार-संध्याकाळ नवरोजसाठी इराणी लोकांनी कधीच घेऊन ठेवली आहे, सकाळी ९ ते १ मोकळं आहे. १४ चा शनिवार पूर्ण मोकळा, २८ चा दुपारनंतर. ग्रूपवर तीन तट पडलेत आणि चौथा तट म्हणतो, पाडवा नसलेल्या दिवशी हॉलमध्ये गुढी उभारायचीच नाही, नुसतं जेवू या. तुमच्याकडे काय करता?

तिखटमीठ
१४ ला?? फाल्गुन संपायच्या आधी? पाळणा हलायच्या आधी बारसं उरकणार का?

कोकणी_काजू
२१ सकाळ. विषय संपला. धागा बंद करा.

अर्धवटराव
धागा बंद कसला, आत्ता तर खुर्च्या मांडतोय. पन्हं कुठाय?

डोंबिवलीचे_आजोबा
माझं मत थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमच्या लहानपणी पाडवा म्हणजे घरातला सण. आई पहाटे उठवायची, काठीला तेल लावून गरम पाण्याने आंघोळ घालायची. हो, काठीला आंघोळ. मग जरीचा खण, कडुनिंबाचा डहाळा, गाठी, झेंडूचा हार आणि वर उपडा तांब्या. वडील पंचांग काढून वर्षफल वाचायचे, आम्ही तोंड वाकडं करून कडुनिंबाची चटणी गिळायचो. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत गुढी उतरायची. सार्वजनिक असं त्यात काही नव्हतं.

१९९९ मध्ये आमच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने पहिली नववर्ष स्वागतयात्रा काढली. तेव्हाही कट्ट्यावर हेच वाद झाले होते. घरातला सण रस्त्यावर कशाला, हे आणखी एक मिरवणुकीचं खूळ, वगैरे. मी स्वतः कुरकुर करणाऱ्यांत होतो, कबूल करतो. पुढे तीच कल्पना ठाण्याला, गिरगावला आणि कुठे कुठे गेली. आता पाडव्याला सकाळी फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते आणि नातवंडांना वाटतं हे शिवकालापासून चालू आहे.

सांगायचं ते असं. सण घराबाहेर काढायला माझी हरकत नाही, तो बदल मी डोळ्यांनी पाहिलाय. पण स्वागतयात्रा निघते ती पाडव्यालाच. वार कोणताही असो. तिथी सोडून गुढी उभारायची म्हणजे ती गुढी नाही, सजावट झाली. हॉलमध्ये जेवा, गा, नाटुकलं करा. गुढी गुरुवारी घरी.

झंपूची_आई
आजोबा, आदर राखून असहमत. मी न्यू जर्सीत आहे. गुरुवारी सकाळचं चित्र सांगते. पावणेसातला शाळेची बस. नवरा आधीच ट्रेनमध्ये. गुढी उभारते मी एकटी, पडद्याच्या दांडीवर, बाल्कनीला काथ्याने बांधून. आरती म्हणताना एक कान मीटिंगला. मुलगी उठून विचारते, “आई, हे आज का लावलंयस?” आणि बूट शोधायला पळते.

तीच मुलगी शनिवारी हॉलमध्ये नऊवारी नेसून लेझीम खेळते, गुढीला हार घालायला भांडते, गाठीचा तुकडा गालात धरून चार तास बागडते. तिच्या डोक्यात पाडवा तोच. तुम्ही म्हणाल ती सजावट. तिच्या आठवणीत दुसरी गुढीच नसेल.

तिखटमीठ
+१. आणि आजोबा, तुमच्या नातवंडांना स्वागतयात्रा शिवकालीन वाटते तसंच हिच्या नातवंडांना हॉलमधली लेझीम वाटेल. :)

काठी_आणि_तांब्या
म्हणजे उद्या रविवारी सुट्टी म्हणून संक्रांत रविवारी, आणि श्राद्ध पण वीकेंडला? सोयीचे सण. तिकडे गेल्यावर सूर्यचंद्रही एचआरकडून रजा मंजूर करून घेतात वाटतं.

कोकणी_काजू
काठीसाहेब, भारतात आयटीवाल्यांना पाडव्याला सुट्टी असते असा तुमचा समज आहे का? माझी पुण्यातली कंपनी गेली दोन वर्षं ‘ऐच्छिक’ म्हणते. ऐच्छिक म्हणजे मॅनेजरच्या इच्छेने.

काठी_आणि_तांब्या
मी बँकेत होतो. आम्हाला असायची.

अर्धवटराव
वाद घालण्याआधी एक सांगा, शुभेच्छा कशा देणार आहात? यंदा सुरू होणाऱ्या शके १९४८ च्या संवत्सराचं नाव ‘पराभव’ आहे. “आपणास व आपल्या कुटुंबीयांस पराभवाच्या हार्दिक शुभेच्छा!” असा बॅनर हॉलवर लावा. इंग्लंडात क्रिकेट सीझन तोंडावर आहे, लोकांना कळेल तरी.

खडीसाखर
अहो काय!! मी निमंत्रणात ‘विश्वावसू’ लिहून ठेवलं होतं, गेल्या वर्षीचंच कॉपी करून. बरं झालं सांगितलंत.

बंगळूरकर
आमच्याकडे हे लपवता येत नाही. युगादीला पंचांगश्रवण असतं, देवळात मोठ्याने संवत्सराचं नाव घेऊनच सुरुवात. साठ नावांचं चक्र आहे. गेल्या वर्षी विश्वावसू, यंदा पराभव, पुढचा प्लवंग. याआधीचा पराभव १९६६ मध्ये येऊन गेला. तेव्हा जन्मलेले यंदा साठीशांत करतील.

अवांतर: मी बेंगळुरूत वाढलेला मराठी. लहानपणी सकाळी घरी गुढी, मग शेजारच्या घरी बेवू-बेल्ला. कडुनिंब आणि गूळ एकत्र. ते लोक फुलोरा वापरतात, त्यामुळे आपल्या चटणीइतकं कडू लागत नाही. मी दोन्हीकडे गोड वाटा जास्त मागून घ्यायचो.

म्हापशेकर
गोंयांत संवसार पाडवो. गुढी तीच, वर तांब्या तोच. फक्त शेजारच्या कर्नाटकाकडून आणि महाराष्ट्राकडून दोन्हीकडून फॉरवर्ड येतात, फोन गरम होतो.

पावभाजी_विदाउट_बटर
मूळ प्रश्नाला धरून: हॉलच्या लोकांना आधी विचारा की उदबत्ती चालते का. आमच्या इथे (मिडलँड्स) पहिल्या वर्षी पूजेला धूप लावला. मोठा, गावरान, कोणाच्या तरी आईने सोलापूरहून पाठवलेला. सातव्या मिनिटाला अलार्म. एकशे दहा माणसं, त्यांतल्या चाळीस बायका नऊवारीत, चपला आत राहिलेल्या, पार्किंगमध्ये उभी. तापमान चार अंश. बंब आला. बंबवाले मात्र सज्जन होते, त्यातल्या एकाने श्रीखंड दोनदा घेतलं. दंड नाही झाला, पण तेव्हापासून आमच्या फॉर्मवर वेगळी ओळ असते, ‘धूर करू नये’. इतर कोणाच्याच फॉर्मवर ती ओळ नाही, मी बघितलंय.

आता आम्ही बॅटरीची समई लावतो. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर ती बघून फोन बंद केला होता.

झंपूची_आई
बॅटरीची समई :D :D

मात्रा_वेलांटी
धुराचं सोडा, आवाजाचं बघा. आमच्या हॉलमध्ये भिंतीवर एक पेटी आहे, त्यावर हिरवा-पिवळा-लाल दिवा. आवाज मर्यादेबाहेर गेला की काही सेकंद लाल दिवा लागतो आणि मग स्टेजच्या सगळ्या प्लगांची वीजच जाते. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे इथल्या बऱ्याच हॉलांमध्ये हे असतं. आमच्या एका काकांचं नाट्यगीत तीन वेळा तानेच्या टोकाशी कापलं गेलं. काका म्हणाले, यंत्राला कान आहेत.

मग आम्ही ढोल आणला. ढोलाला प्लग नसतो.

अर्धवटराव
ढोलाला प्लग नसतो. हे वाक्य मी फ्रेम करून लावणार आहे.

मात्रा_वेलांटी
पुढच्या वर्षी फॉर्मवर ‘तालवाद्ये नकोत’ आलं. फ्रेममध्ये तेही लिहा.

खडीसाखर
हाहा, आमच्याकडे दोन्ही नियम आहेत, आणि तिसरा: स्वयंपाकघरात फक्त गरम करायचं, तळण बंद. म्हणजे पुरीचा प्रश्न आहेच.

कडुनिंब कुठून आणता? गेल्या वर्षी मी कढीपत्त्याची डहाळी लावली आणि कोणालाच कळलं नाही, ज्यांनी आयुष्यभर दोन्ही पाहिलंय त्यांनाही. सांगू की नको असं झालं होतं.

डोंबिवलीचे_आजोबा
मला फोटो दाखवला असतात तर कळलं असतं.

कुंदा_मावशी
कढीपत्ता लावलात तर नंतर फोडणीला तरी येतो गं. कडुनिंब नुसता कचऱ्यात. मी लेकीकडे असते सहा महिने, तिथे देशी किराणावाल्याला दोन आठवडे आधी सांगून ठेवलं तर पाला मागवून देतो. नाहीच मिळाला तर पावडर मिळते. चटणी पावडरीची कर: चिमूटभर ओवा, मिरी, हिंग, सैंधव, चिंच, गूळ, भिजवलेली हरभऱ्याची डाळ. गूळ जरा सढळ हाताने, पोरांना थुंकू देऊ नये.

आणि गाठी बॅगेतून आणताना कपड्यांत गुंडाळू नका, चुरा होतो. कोऱ्या जेवणाच्या डब्यात तांदूळ घालून त्यात पुरायच्या. तांदूळ ओल धरतो. माझ्या सतरा गाठी अख्ख्या पोचल्या होत्या.

काठी_आणि_तांब्या
मावशी, तांदळाची युक्ती चांगली आहे. नोंद केली. बाकी मताला चिकटून आहे.

पारशी_कॉलनीच्या_मागे
मी दादरला वाढलो, त्यामुळे नवरोज म्हटल्यावर कान टवकारले. आपल्याकडे पुष्कळ लोक पतेती आणि नवरोज एकच समजतात. पारशांचं शहेनशाही नवं वर्ष ऑगस्टात येतं, मार्चमधला तो जमशेदी नवरोज. इराणी लोकांचा नवरोज मात्र वसंतसंपाताच्या नेमक्या क्षणाला. नुसता दिवस धरून भागत नाही. यंदा तो २० मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी आहे, इंग्लंडच्या घड्याळाने. लॉस एंजेलिसमध्ये ते त्याच क्षणी, म्हणजे भल्या सकाळी पावणेआठला टेबलाभोवती बसतात. क्षण बदलत नाहीत.

आता काठीसाहेबांसाठी मुद्दा. वेळ मिनिटापर्यंत पाळणारे हे लोक पार्टी कधी करतायत? शनिवारी. त्याच हॉलमध्ये. म्हणजे क्षण घरी, गर्दी हॉलवर. त्यांना यात काही बाटल्यासारखं वाटत नाही.

काठी_आणि_तांब्या
पण ते त्यांचं हफ्त-सीनचं टेबल, नवरोजला ‘स’च्या सात वस्तू मांडतात ते, शनिवारी पुन्हा मांडतात का? हा प्रश्न आहे. पार्टीला मी कुठे नाही म्हणतोय.

पारशी_कॉलनीच्या_मागे
टेबल पुढचे तेरा दिवस मांडलेलंच असतं त्यांच्यात, त्यामुळे प्रश्नच येत नाही. हा मुद्दा तुमच्या बाजूचा झाला, मान्य.

बंगळूरकर
शिवाय यंदा ईद पण चंद्र दिसला की त्याच सुमारास. सेंटरच्या बुकिंगवाल्या बाईंची दया येते.

खडीसाखर
त्यांनीच मला फोनवर विचारलं, “तुमचं नवं वर्ष जानेवारीत नाही, दिवाळीत पण नाही, मग दर वेळी वेगळ्या तारखेला का?” मी चांद्रमास, अधिक महिना वगैरे पाच मिनिटं सांगितलं. यंदा अधिक ज्येष्ठ आहे हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे ईस्टरसारखं.” मी गप्प. बरोबरच होतं की.

अधिकस्य_अधिकम्
अधिक ज्येष्ठ म्हटलंत, म्हणून आलो. जावयांनो, मे-जूनमध्ये तीस-तीन अनारसे वाट बघतायत.

तिखटमीठ
धागा अनारशांकडे निघाला, कोणीतरी धरा.

पंचांगबहाद्दर
धरतो. तुम्ही सगळे एक तारीख विसरलात. भारत सरकारचं स्वतःचं पंचांग आहे: राष्ट्रीय दिनदर्शिका. मेघनाद साहा यांच्या समितीने सुचवलेली, २२ मार्च १९५७ पासून लागू. आकाशवाणीवर ‘आज दिनांक अमुक चैत्र शके’ म्हणतात ती. सौर असल्यामुळे तिचा १ चैत्र दरवर्षी २२ मार्चला, लीप वर्षी २१ ला. म्हणजे १ चैत्र शके १९४८ = २२ मार्च २०२६.

वार बघा. रविवार.

सरकारी पाडवा सुट्टीच्या दिवशी आहे. शके तेच, महिना तोच. काठीसाहेब बँकेत होते, त्यांना तरी सरकारी तारीख मान्य करावी लागेल.

अर्धवटराव
!!!! साष्टांग.

काठी_आणि_तांब्या
चेकवर ती तारीख घातलेला एकच खातेदार मी छत्तीस वर्षांत पाहिला. चेक वैध होता. पण गुढी चेकवर उभारत नाहीत. प्रतिपदा गुरुवारीच.

(दाद मात्र देतो.)

डोंबिवलीचे_आजोबा
फार छान माहिती. हे मला सुचायला हवं होतं.

लंडनची_पुतळी
आमच्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे, मंडळ १९३२ पासूनचं. त्यामुळे हॉलचा तास हा प्रकार तिथे नाही, आणि खरं सांगू, त्याची किंमत मला आम्ही लहान गावात बदलून गेल्यावर कळली. लहान गावात सगळं गाडीच्या डिकीतून येतं आणि डिकीतून जातं. पहिल्या वर्षी सहा फुटी बांबू माझ्या छोट्या गाडीत मावेना. खिडकीतून बाहेर काढून, टोकाला लाल ब्लाउजपीस बांधून नेला. ट्रॅफिक सिग्नलला शेजारच्या गाडीतले आजोबा टोपी काढून अदबीने बघत होते. त्यांना काय वाटलं कोण जाणे. ती सर्वांत खरी स्वागतयात्रा होती माझी.

झंपूची_आई
गार्डन सेंटरमध्ये टोमॅटोच्या वेलांसाठी काठ्या मिळतात, चार फुटी. दोन जोडून चिकटपट्टी.

कुंदा_मावशी
जोडलेली काठी नको गं गुढीला.

झंपूची_आई
मावशी, तिथी झाली, धूप झाला, समई झाली, आता काठी पण? :(

कुंदा_मावशी
बरं बाई, वरून खण नीट चुण्या करून सोड, जोड दिसायला नको. झालं.

खडीसाखर
सगळे प्रतिसाद वाचले, काही मोठ्याने घरात वाचून दाखवले. अपडेट देते.

काल सेंटरवर भरणा करायला गेले तेव्हा नवरोजवाल्या बाई भेटल्या. त्यांच्या सतरंज्या आणि आमची टेबलं यावरून बोलणं सुरू झालं. त्यांचे लोक दोनला येणार, आमचे एकला जाणार. टेबलं दोघांनाही लागतात. ठरलं असं की मांडायचं आम्ही, उचलायचं त्यांनी. दोघांचा अर्धा-अर्धा तास वाचला. त्यांनी विचारलं, तुम्ही भांडं उलटं का ठेवता? मी म्हटलं विजयाची खूण, ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केली तो दिवस, शालिवाहन, असं बरंच. त्या म्हणाल्या, “आमच्याकडे टेबलावर मासा असतो, तो का, हे पण प्रत्येक जण वेगळं सांगतो.”

तर २१ ची सकाळ घेतली. गुढीबद्दल ग्रूपवर एकमत झालेलं नाही आणि होईलसं दिसत नाही. सध्या असं चाललंय: गुरुवारी सकाळी सव्वासहाला माझ्या मागच्या अंगणात गुढी उभारायची, ज्यांना कामावर जायच्या आधी जमेल त्यांनी यावं, चहा मिळेल. आत्तापर्यंत अकरा घरांनी हो म्हटलंय. मला चार अपेक्षित होती. शनिवारी हॉलमध्ये मोठी गुढी नाही. मुलांनी आपापली हातभर गुढी करायची, आइस्क्रीमच्या काड्या, खणाचे तुकडे आणि कागदी पेल्याचा तांब्या, आणि घरी न्यायची. तिला पूजेची गुढी म्हणायचं का नाही हे ज्याने त्याने ठरवावं.

डोंबिवलीचे_आजोबा
याला माझी हरकत नाही. पेला उपडाच ठेवायला सांगा मात्र, सुलटा ठेवतात मुलं.

काठी_आणि_तांब्या
सव्वासहाला बोलावून अकरा घरं येणार असतील तर मी माझे ‘सोयीचे सण’ हे शब्द मागे घेतो. श्राद्धाचे नाही.

खडीसाखर
:) धन्यवाद. आता खरा प्रश्न. माणसं ९०. श्रीखंड आम्ही ग्रीक दह्याचं करतो, रात्रभर फडक्यात टांगून, ते जमतं. पण तळण बंद असल्याने पुऱ्या घरून येणार. गेल्या वर्षी चामट झाल्या, एका लहान मुलाने पुरी ओढून दाखवली. माणशी पाच धरल्या तरी ४५० पुऱ्या. कोणी आयडिया द्या.

कोकणी_काजू
पोळ्या करा.

तिखटमीठ
पाडव्याला श्रीखंड-पोळी? उठा इथून.

कुंदा_मावशी
कणकेत मूठभर रवा आणि मोहन कडकडीत घाल, पीठ घट्ट मळ, झाकून ठेवायचं नाही तळल्यावर. वाफ धरली की चामट होतात. वेताच्या टोपलीत, खाली कागद, वर फडकं. शुक्रवारी रात्री नाही, शनिवारी पहाटे तळायच्या.

अर्धवटराव
पहाटे ४५० पुऱ्या, नऊला हॉल. संवत्सराचं नाव पुन्हा एकदा वाचून घ्या.

लंडनची_पुतळी
खडीसाखर, वर्णनावरून तुमचं गाव माझ्यापासून वीस मिनिटांवर असावं. माझ्याकडे लग्नातली मोठी कढई आहे आणि गॅरेजात शेगडी. अर्ध्या मी तळते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, कणीक किती भिजवायची ते सांगा.